हठाचं पत्र

अकरा महिन्यांनी नयना निकमच्या बोटाला मुंग्या आल्या आणि तिच्या नवऱ्याने निम्म्या सदर बाजारात कंदी पेढे वाटले.

एरवी माणसं मुंग्या आल्या की हात झटकतात. नयना उजवी तर्जनी डाव्या मुठीत धरून खुर्चीत नुसती बसून राहिली होती. हललो तर मुंग्या जातील, अशी तिला धास्ती होती.

“कशा हायत?” पेढे वाटून आलेल्या किशोरने तिसऱ्यांदा विचारलं.

“चावऱ्या आहेत हो,” ती म्हणाली. “फार सुरेख चावतायत.”

नयनाला जन्मापासून दिसत नव्हतं. बारशाच्या दिवशी ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती, म्हणून नाव नयना. पुढे आईवडिलांना ते बदलावंसं वाटलं, तेव्हा हिनेच बदलू दिलं नाही. लोक नावापाशी अडखळायचे आणि त्यांची ती अडखळ ऐकायला तिला मजा यायची. ती सातारच्या एका ब्रेल छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितशोधक होती. तिचं सगळं वाचन, म्हणजे शाळा, कॉलेज, नोकरी आणि रविवारच्या कादंबऱ्या, उजव्या तर्जनीच्या टोकावरच्या वाटाण्याएवढ्या जागेतून झालं होतं.

आता साल २०४३. चष्म्यात, घड्याळात, कानात बसलेली यंत्रं वाटेल ते वाचून दाखवत होती. तरी शाळेची पुस्तकं अजून ब्रेलमध्ये निघायची, कारण नुसतं ऐकून मुलांना शुद्धलेखन येत नाही हे सगळ्यांना एव्हाना कळून चुकलं होतं. छापलेलं पान आधी यंत्र तपासायचं आणि यंत्रानंतर नयना. यंत्राने पास केलेल्या पानांत ती रोज तीन-चार चुका काढायची आणि त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे. पान शुद्ध निघालं की तळाशी ती टोचणीने एकच शब्द उमटवायची: ‘बिनचूक’. त्या एका शब्दासाठी छापखान्याचे व्यवस्थापक फडतरेसरसुद्धा तिच्या टेबलापाशी शाळकरी पोरासारखे उभे राहायचे.

गेल्या वर्षी एके दिवशी तिने याच फडतरेसरांना झापलं होतं. ठिपके दबलेले आहेत, कागद हलका वापरलाय, असल्या छपाईला मी हात लावणार नाही. सरांनी कागद बदलला. ठिपके दबलेलेच. मशीन बदललं, तरी तेच. चौथ्या दिवशी चहाचा कप पोळला तो तिला हाताला न कळता ओठाला कळला आणि ती गप्प झाली. कागदाची काही चूक नव्हती.

*

“नसांचा दाह,” डॉ. इरावती शेडगे म्हणाल्या होत्या. आवाजावरून डॉक्टर जेमतेम तिशीची असावी आणि बोलताना तिला घाई नव्हती, एवढ्यावरच नयनाचा तिच्यावर विश्वास बसला. “शरीरात जंतू शिरले की त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या पेशी असतात. कधीकधी त्यांची ओळख चुकते. त्या आपल्याच नसांना शत्रू समजतात. मेंदूतल्या नाही, हातापायांकडे जाणाऱ्या. नसेच्या तंतूवर एक वेष्टन असतं, आधी त्याच्यावर हल्ला होतो.”

किशोर एस.टी.च्या डेपोत इलेक्ट्रिक बसचा वायरमन होता. त्याला हे फार लवकर समजलं. “म्हणजे तार शाबूत, कव्हर जळालं.”

“आधी कव्हर. उपचार लवकर झाले तर ते परत चढतं. यांच्या बोटांत पुढे तारच तुटली आहे.”

मग औषधं झाली. स्टेरॉइडनी नयनाचा चेहरा भोपळ्यासारखा झाला आणि भूक अशी लागली की किशोरला डबे लपवून ठेवावे लागले. शिरेतून प्रतिपिंडांच्या बाटल्या चढवल्या. दाह विझला. पण विझलेल्या घरात वायरिंग नव्हतं.

तुटलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर. म्हणजे सहा महिने, आणि तोवर तिची जुनी वाट आतून बुजलेली असते. डॉ. शेडग्यांच्या हातात दोनच वर्षांपूर्वी आलेलं नवं औषध होतं, अंकुरिन. मनगटात एक इंजेक्शन दिलं की तंतूंची टोकं रोज आठ मिलिमीटर वाढत. तीन आठवड्यांत बोट गाठायचं, वाट बुजायच्या आत. आधी उजवा हात करायचा, तो बरा झाला की डावा.

वाट बघण्याचे ते दिवस नयनाने कुणाला दाखवले नाहीत. कानात यंत्र लावून ती कादंबऱ्या ऐकायची. यंत्र छान वाचायचं, दुःखाच्या जागी आवाजही पाडायचं. पण ऐकणं म्हणजे दुसऱ्याने भरवलेला घास. मध्येच थांबून एका शब्दावर बोट फिरवत राहायचं, मागे जाऊन जोडाक्षर चाचपायचं, ते सगळं गेलं होतं. वाचता येत नसेल तर आपण नक्की कोण, हे तिला काही केल्या सांगता येत नव्हतं.

म्हणून तेविसाव्या दिवशी मुंग्या आल्या तेव्हा पेढे. त्यातला एक किशोरने तिच्या बोटाखाली धरला. तिने तर्जनी हळूच दाबली. रवाळ. भाजलेल्या खव्याचा एक-एक कण वेगळा लागला. त्या पेढ्यावर ती एवढा वेळ बोट फिरवत बसली की शेवटी तो खाण्याच्या लायकीचा राहिला नाही, आणि किशोरने तरी तो खाल्ला.

*

आठवड्याने मुंग्या थांबल्या आणि बोट लख्ख झालं. त्या सकाळी नयना कुणाला न सांगता स्वयंपाकघरात गेली. फळीवरच्या डब्यांना तिनेच पूर्वी ब्रेलच्या पट्ट्या लावल्या होत्या. कुठल्या डब्यात काय आहे ते तिला पाठच होतं, पण आज तिला पाठ म्हणायचं नव्हतं. वाचायचं होतं.

पहिल्या डब्यावर बोट ठेवलं. ठिपके स्पष्ट, टोकदार. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. मग तिने वाचलं: ‘चजघ’.

परत वाचलं. चजघ. डबा उघडून वास घेतला. चहा होता.

शेजारच्या डब्यावर ‘थौजि’. आत पोहे. ओट्यावर किशोरचा जेवणाचा डबा होता, त्याच्या झाकणावरचं नाव तिने दोनदा वाचलं आणि हाक मारली.

“अहो, हा खेमौठ कोण?”

“कोण?” किशोर दाढी अर्धी टाकून आला.

“तुमच्या डब्यावर नाव आहे त्याचं. खेमौठ.”

“असला माणूस डेपोत न्हाई,” किशोर म्हणाला. “ऐकल्यावर राक्षस वाटतो.”

नयनाला आधी हसू आलं आणि मग ते विरलं. ती तिथेच पाटावर बसली. ठिपके लागत होते, अक्षरं लागत होती, आणि एक शब्द लागत नव्हता. याच्यापेक्षा बधिर बोट बरं होतं, त्याने निदान खोटं सांगितलं नव्हतं.

पण सव्वीस वर्षं चुका शोधलेल्या बाईला फार वेळ रडत बसता येत नाही. चूक दिसली की ती कुठून आली हे शोधल्याशिवाय तिला घास उतरत नाही. चहाचा चजघ झाला. ह चा ज झाला, पण च जागेवर राहिला. तिने गुळाचा डबा घेतला. ‘गतल’. ग जागेवर. च आणि ग तेवढे कसे सुटले?

ब्रेलचं अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांचं घर असतं, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. त्यातले कुठले उठलेत त्यावरून अक्षर ठरतं. च आणि ग ही दोन्ही अक्षरं डावी-उजवीकडे सारखी असतात, आरशात धरली तरी तीच राहतात. बाकीच्यांची मात्र जोडपी आहेत. ह उलटा केला की ज. क उलटा केला की ख. ल उलटा केला की ळ.

“अहो,” ती पाटावरून म्हणाली, “माझं बोट उलटं झालंय.”

किशोरने तिचा हात हातात घेऊन पुढून-मागून पाहिला. “सरळ हाय की.”

“आतून. डावीकडचं उजवीकडे लागतंय आणि उजवीकडचं डावीकडे. मी बोट पुढे नेते आणि आतून वाटतं, मागे चाललंय.”

*

शनिवारी डॉ. शेडग्यांनी बोटाच्या दोन्ही कडांना आळीपाळीने टाचणी टेकवली आणि प्रत्येक वेळी नयनाने नेमकी दुसरी कड सांगितली.

“प्रत्येक बोटात दोन नसा असतात,” डॉक्टरने टाचणी बाजूला ठेवून सांगितलं. “एक या कडेने जाते, एक त्या कडेने. दोघी तळहातात वेगळ्या होतात. साधी नस रमतगमत वाढते, तिला वाट सापडते. अंकुरिनने त्या धावत सुटल्या आणि तळहातातल्या फाट्यावर एकमेकींच्या वाटेला लागल्या. दोन हजार रुग्णांत असं तिघांना झालंय. त्यांतल्या कुणाला बोटाने वाचायचं नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.”

“डेपोत याला क्रॉस कनेक्शन म्हणतात,” किशोर म्हणाला. “दोन वायरी काढायच्या, अदलाबदल करून लावायच्या. पाच मिनिटांचं काम.”

“इथे पाच मिनिटांचं नाही,” डॉक्टर म्हणाली. “नवे अंकुर औषधाने मागे घालवता येतात आणि अंकुरिनच्या अगदी हलक्या मात्रेवर, वाट उघडी ठेवत, परत हळूहळू वाढवता येतात. सहा महिने लागतील. पण पाचातल्या एकाच्या बोटात त्यानंतर काहीच परत येत नाही. कायमचं. आणि ठरवायला वेळ कमी आहे. तंतूंवर कव्हर चढायला लागलंय, सोमवारनंतर ते मागे घेता येणार नाहीत.”

“आणि असंच ठेवलं तर?”

“मेंदू शिकतो, नयनाताई. पण पूर्वीच्या वेगाने वाचाल, असं वचन मी देणार नाही.”

गेले दोन दिवस नयना घड्याळ लावून वाचत होती. पूर्वी मिनिटाला नव्वद शब्द जायचे. आता एक-एक अक्षर मनात उलटं करून घेत चार. चार शब्दांनी कादंबरी वाचता येत नाही आणि नोकरी तर मुळीच करता येत नाही. पाचातल्या एकाचा धोका घ्यायचा, हे तिने मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

डॉक्टरने तिच्यासाठी संमतीपत्र मुद्दाम ब्रेलमध्ये छापून आणलं होतं. नयनाने सवयीने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. पहिला शब्द लागला: ‘हठ’.

म्हणजे ‘जर’. ह चा ज, ठ चा र. जर दुसऱ्या मात्रेनंतर बोटाची संवेदना परत आली नाही, तर अमुक, तर तमुक. बरोबर आहे, अशी पत्रं जर-तरनेच सुरू होतात.

आणि मग ती खुर्चीत ताठ झाली. हा शब्द तिने पूर्वी एकदा वाचला होता. असाच, पहिला शब्द म्हणून. हठ.

“काय झालं?” डॉक्टरने विचारलं.

“काही नाही,” नयना म्हणाली आणि तिला हसू आवरेना. “मी सोमवारी सकाळी येते. मला आधी घरी जाऊन एक पत्र वाचायचंय.”

शेजारी बसलेला किशोर एकदम खोकायला लागला.

*

पंचवीस वर्षांपूर्वी छापखान्याचं मशीन बंद पडलं, तेव्हा ते दुरुस्त करायला, डेपोतून सुटल्यावर वरकड कामं करणारा जो पोरगेला वायरमन आला होता तो किशोर. मशीन एका दिवसात सुरू झालं, पण वायरमन तीन महिने येत राहिला. कधी पंखा तपासायला, कधी बटणं. नयनाला पावलांवरून कळायचं. मग एके दिवशी त्याने तिच्या टेबलावर एक कागद ठेवला, ‘मॅडम, हे तुमच्यासाठी’ एवढं बोलला आणि पळाला.

कागद ब्रेलमध्ये होता. दोन महिने खपून त्याने तक्त्यावरून अक्षरं शिकली होती आणि पाटी-टोचणी मिळवली होती. फक्त पाटीची मेख त्याला कुणी सांगितली नव्हती. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोचणीने मागून टोचायचं असतं, ठिपका पलीकडच्या अंगाला उठतो. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि प्रत्येक अक्षर उलटं काढायचं. कागद पालटला की सगळं सरळ होतं. अंध मुलांना हे सहाव्या वर्षी येतं. किशोरने आपल्याला दिसतं तसं, डावीकडून उजवीकडे, सुबक, सरळ लिहिलं. कागद पालटल्यावर अख्खं पत्र आरशातलं झालं.

नयनाने वाचायला घेतलं, तर ओळी उजव्या समासाला चिकटलेल्या. तिने उजवीकडून सुरुवात करून पाहिली. पहिला शब्द ‘हठ’ लागला. दुसरा ‘डखौ’. हठ ठीक आहे, पण डखौ म्हणजे काय? ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. दोन मिनिटं डोकं लावलं असतं तर तिला सगळं उलगडलं असतं. पण मुद्रितशोधकाचा नियम असा की अशुद्ध मजकूर अंदाजाने वाचायचा नाही, लेखकाकडे परत पाठवायचा. दुसऱ्या दिवशी तिने लेखकाला गाठून सांगितलं, “तुमचं पत्र चुकलंय.”

नियमाप्रमाणे कागदही परत करायला हवा होता. तो तिने केला नाही. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

ती दुरुस्त प्रतीची वाट पाहत बसली आणि वायरमन आठ महिने गायब झाला. शेवटी पांढरी काठी घेऊन तीच डेपोत गेली आणि चार मेकॅनिकांसमोर त्याला विचारलं, लग्न करायचंय की नाही. त्याने करायचंय म्हटलं. तेव्हापासून ‘मागणी मीच घातली’ हे वाक्य तिने सासरी-माहेरी ऐकवलं नाही असा एक सण गेला नव्हता. आणि त्या कागदाचं नाव पडलं हठाचं पत्र. दुरुस्त करून आणा, मग वाचते, असं ती म्हणायची. मी न्हाई आणणार, असं तो म्हणायचा. दोघांनी चोवीस वर्षं हे इमानाने सांभाळलं.

पत्र तिने ब्रेल शब्दकोशाच्या शेवटच्या खंडात ठेवलं होतं, ह अक्षरात, जिथे हठ हा शब्द आहे तिथे.

*

दवाखान्यातून घरी येताच किशोरला आपोआप चहाचं काम आठवलं. “मी चजघ टाकतो,” म्हणून तो स्वयंपाकघरात गेला तो बाहेर येईना. नयनाने खंड काढला, कागद मांडीवर सारखा केला आणि उजव्या समासावर बोट ठेवलं. मनात उलटापालट करायची तिची तयारी होती.

ती करावीच लागली नाही.

बोट उजवीकडून डावीकडे निघालं आणि आतून, अकरा महिन्यांनी पहिल्यांदा, ते डावीकडून उजवीकडे निघाल्यासारखं वाटलं. अक्षरं समोरून आली. सरळ आली. एक-एक नव्हे, शब्दच्या शब्द, पूर्वी यायचे तसे, बोटाला थांबू न देता. जगातल्या सगळ्या पुस्तकांसाठी उलटं झालेलं बोट या एका कागदासाठी बरोबर झालं होतं.

‘जर नको असेल माझ्याशी लग्न, तर तसं तोंडावर म्हणू नका, मला सोसणार नाही. पत्र चुकलंय एवढंच म्हणा. मी समजेन आणि पुन्हा विचारणार नाही. जर हो असेल तर काही बोलू नका, फक्त हे पत्र परत देऊ नका. किशोर.’

खाली खेमौठ नव्हता. किशोर होता.

नयनाने ते दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मग ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. चहा उतू गेल्याचा वास येत होता आणि गॅसपाशी उभ्या माणसाच्या ते लक्षात आलेलं नव्हतं.

“म्हणून आठ महिने आला नाहीत,” ती म्हणाली.

“तू म्हणालीस, पत्र चुकलंय,” किशोर म्हणाला. “म्हटलं, संपलं. पण मग तू कागद परत देईनास. तोंडानं नको आणि हातानं हो. आठ महिने मला कळंना, ही बाई म्हणतीय तरी काय.”

“येऊन विचारायचं होतंत.”

“पुन्हा विचारणार न्हाई, असं लिहून दिलं होतं ना.”

नयनाने चौकट धरली. हसू आणि रडू एकदम आलं की कुठल्याला आधी वाट द्यायची ते कळत नाही, तसं तिचं झालं. “बरं, तेव्हाचं सोडा. लग्नानंतर मीच तुम्हाला पाटी शिकवली. काय चुकलं होतं ते तुम्हाला कळलं होतं. चोवीस वर्षं दुरुस्त करून का नाही दिलंत?”

किशोरने गॅस बंद केला. “दुरुस्त करायला कागद परत घ्यावा लागला असता,” तो म्हणाला. “परत घेतला की नको झालं असतं.”

चोवीस वर्षं ती ज्याला हट्टी म्हणत आली, तो माणूस चोवीस वर्षं एक होकार जपत होता. ती पुढे झाली आणि तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. उजव्या तर्जनीला त्याचा डावा गाल लागला आणि आतून उजवीकडची-डावीकडची जी काय गडबड व्हायची ती झाली. गाल मात्र तोच होता, दाढीचे खुंट धरून.

“मला किती वेळ लागला वाचायला?” मग तिने एकदम विचारलं.

“कुठं किती. दूध घालूपर्यंत तू दारात.”

नयनाने तिथूनच फडतरेसरांना फोन लावला. शनिवारी दुपारी झोपेतून उठवल्याबद्दल ते कुरकुरले. आपलं मशीन एखादं पान आरशातल्यासारखं उलटं छापू शकेल का, असं तिने विचारलं.

“बाई, त्याला एक बटण आहे,” सर म्हणाले. “एकदा चुकून दाबलं गेलं होतं, तेव्हा तुम्हीच मला झापलं होतंत.”

तासाभराने किशोर पान घेऊन आला. सातवीचं भूगोलाचं, नयनाने कधी न पाहिलेलं. तिने उजव्या समासावर बोट ठेवून घड्याळ लावलं. मिनिटाला एकाहत्तर शब्द गेले, आणि वरून तिसऱ्या ओळीत कृष्णेच्या एका उपनदीचं नाव चुकलेलं निघालं. यंत्राने ते पास केलं होतं. त्या संध्याकाळी ती दोन घास जास्त जेवली.

*

सोमवारी संमतीपत्र सहीविनाच परत गेलं. उजवं बोट आहे तसं राहील, असं तिने सांगितलं. डाव्या हाताला मात्र अंकुरिनची हलकी मात्रा द्यायची, रमतगमत, सहा महिने लागले तरी चालतील. तो हात बाकीच्या जगाच्या पुस्तकांसाठी.

“आणि तोवर?” डॉक्टरने विचारलं.

“तोवर माझी प्रत उलटी छापतील. तपासायचं माझं काम, छापायचं त्यांचं.”

डॉ. शेडगेही हसल्या. असा निकाल त्यांच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता, पण तो कुठेतरी लिहून ठेवायला हवा, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नयनाने पाटी आणि टोचणी काढली. किशोर टेबलापलीकडे येऊन बसला. तिने ते जुनं पत्र पाटीत अडकवलं, शेवटच्या ओळीखाली जागा चाचपली, आणि आयुष्यात पहिल्यांदा डावीकडून उजवीकडे, प्रत्येक अक्षर सरळ काढत, म्हणजे साफ चुकीच्या पद्धतीने, सहा घरं टोचली. कागद पालटून तिने उजवीकडून बोट फिरवलं. बिनचूक.

“एक पण चूक न्हाई?” किशोरने विचारलं.

“तारीख घातली नव्हती. पण आता चालेल.”

“बघू,” म्हणून त्याने हात पुढे केला.

नयनाने कागद छातीशी ओढून घेतला. “परत देऊ नका, असं लिहिलंय,” ती म्हणाली आणि उठून तो तिने शब्दकोशात ठेवला, या वेळी ज च्या खंडात, जर या शब्दापाशी.